चाळीस करड्या बुटक्यांची व्यवस्था

मी, शिवांजली हरिबा जगदाळे, वय चौतीस, मूळ गाव रहिमतपूर, सध्या राहणार विश्रामबाग, सांगली, नोकरी कुपवाडच्या एका फाउंड्रीत माल तपासणीची, हा कागद माझ्या हातानं लिहिते आहे. कुणी लिहायला लावलेला नाही. उलट आईनं दोनदा फोन केला, "शिवा, आत्ताच कशाला गं लिवतीस असलं?" माझ्या डोक्यात गाठ आहे आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. दोन्हीचे डॉक्टरांचे दाखले मागं टाचले आहेत.

येत्या गुरुवारी मिरजेत ऑपरेशन आहे. गाठ साधी आहे, जागा वाईट आहे. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला, पेनाचं टोक एका जागी टेकवलं आणि म्हणाले, इथून तुमचा उजवा हात चालतो. जिवाला धोका थोडा, हाताला बराच. मी वकिलांना विचारलं, हात गेला तर पुढं काय करायचं ते मृत्युपत्रात लिहिता येतं का. ते म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, हात गेल्यावर नाही. तरी शेवटी मी तेही लिहिणार आहे. कोर्टाला नको असेल तर कोर्टानं तेवढं वाचू नये.

याआधी मी असा कागद केलेला नाही. त्यामुळं रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम १. बँकेत आणि फंडात जे असेल ते आईचं, म्हणजे राहीबाई हरिबा जगदाळे यांचं. नॉमिनी तीच आहे. रहिमतपूरच्या शिवारातल्या उसाच्या रानात माझा जो हिस्सा येतो, तो माझा दादा धैर्यशील याचा. तो फौजेत आहे, रान आईच बघते, त्यामुळं फरक कुणालाच पडणार नाही. फक्त आमचे चुलते नानासोकाका दर गणपतीत जेवताना "पोरीच्या हिश्श्याचं काय?" हा विषय काढतात. काका, विषय मिटला. पुढच्या गणपतीला दुसरा काढा.

कलम २. गाडी, गॅस, फ्रिज, कपाट, पुस्तकं यांचं आई आणि दादा बघतील. भांडू नये. भांडण्यासारखं त्यात काही नाही.

कलम ३. मिळकतीचा मुख्य भाग. कोर्टाला याची माहिती नसणार म्हणून नीट सांगते. माझ्याकडं एकशे वीस बुटके आहेत. बुटका म्हणजे प्लास्टिकचा सैनिक, अंगठ्याच्या पेराहून जरा उंच. डोक्यावर शिरस्त्राण, हातात कुऱ्हाड नाहीतर हातोडा, आणि हनुवटीपासून बेंबीखालपर्यंत दाढी. असा प्राणी कुठं नसतो, गोष्टीतला आहे. तो सुट्या तुकड्यांत येतो. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, करड्या रंगाचं अस्तर द्यायचं आणि मग भिंग लावून रंगवायचं. एका बुटक्याला मला चार संध्याकाळी लागतात. मग मोठ्या टेबलावर दोन सैन्यं समोरासमोर मांडायची, मोजपट्टीनं अंतर मोजून पुढं सरकायचं आणि फासे टाकून लढायचं. आम्ही सांगलीत सहा जण दर रविवारी हार्डवेअरच्या एका दुकानावरच्या खोलीत हे करतो. क्लबचा एक नियम आहे: करडा बुटका टेबलावर उतरणार नाही. रंगवलेलाच पाहिजे. हा नियम मी केलेला आहे.

याची सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यात झाली. आमच्या अंगणात दादा मातीचा किल्ला करायचा आणि मी बाजारातून आणलेल्या मावळ्यांना पुन्हा रंगवायची, कारण त्यांचे डोळे कधीच जागेवर नसायचे. एकाचे कपाळावर, एकाचे गालावर. दादा म्हणायचा, "लांबनं कोन बगतंय?" मी म्हणायची, "मी बघते." पुढं मी डिप्लोमा करून कुपवाडला माल तपासणीला लागले आणि त्याच सवयीचा पगार मिळायला लागला. ओतलेला नग वरून गुळगुळीत असतो आणि आत पोकळी असते. आम्ही तो कापून बघतो. आत पोकळी निघाली की लाल ठिपका द्यायचा आणि तो परत भट्टीत जातो.

या एकशे वीसपैकी ऐंशी रंगवून पूर्ण आहेत. निळा कोट, हळदीच्या रंगाचा पट्टा, तांब्याची बटणं. या ऐंशींची वाटणी अशी.

ढोल वाजवणारा एक आणि निशाणवाला एक, हे आईला. गेली नऊ वर्षं आई हे दोघं दिवाळीत किल्ल्यावर ठेवते. शेजारणींनी विचारलं तर "आमच्या शिवाचं दाढीवालं मावळं हायती" असं सांगते. तसंच सांगत राहावं.

तीन तोफा आणि त्यांच्यावरचे नऊ बुटके दादाला. दादा सुट्टीवर आला की माझ्याशी खेळतो, हरतो आणि म्हणतो, "खऱ्यात आसं नसतंय, शिवा." खऱ्यात कसं असतं ते त्यानं कधी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

उरलेले एकोणसत्तर, टेबल, भिंग, दिवा, रंगांच्या बाटल्या आणि सगळे ब्रश क्लबमधल्या मयूरीला. मयूरी, ब्रश पाण्यात उभे ठेवू नकोस. टोक वाकतं. हे मी तुला शंभरदा सांगितलं आहे, आता कागदावर आहे.

कलम ४. राहिले चाळीस करडे. ते कपाटावर पत्र्याच्या डब्यात आहेत, झाकणावर लाल ठिपका आहे. ते कुणालाही देऊ नयेत. भंगारात घालावेत. कारण खाली लिहिते, म्हणजे कुणी दयामाया दाखवून परत काढायला नको.

अवधूत विष्णुपंत टिकेकर हा क्लबमध्ये मला भेटला. सांगलीतच वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे, तो तिथंच बसतो. त्याचा हात रंगकामात जड आहे, पण खेळताना तो बरा विचार करतो. आमचं लग्न ठरलं होतं. म्हणजे आमचं आमच्यात ठरलं होतं, दोन्ही घरी सांगायचं राहिलं होतं. दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात मी दादाच्या लग्नासाठी अकरा दिवस रहिमतपूरला गेले. पुण्यात जूनमध्ये सामने होते, एकशे वीसचं सैन्य लागणार होतं, आणि चाळीस राहिले होते. त्यांचे तुकडे कापून, अस्तर देऊन मी टेबलावर ठेवून गेले. धडं एका रांगेत, दाढ्या दुसऱ्या रांगेत. खोलीची किल्ली अवधूतकडं होती.

दाढी आधी चिकटवली की मागची छाती झाकली जाते आणि तिथं ब्रश जात नाही. बहुतेक लोक तशीच चिकटवतात, कारण मागचं कुणाला दिसत नाही. मी आधी छाती रंगवते, कोट, पट्टा, तीन बटणं, आणि मग दाढी लावते. ऐंशीच्या ऐंशी तसे आहेत. हे त्याला माहीत होतं.

मी परत आले तर चाळीसच्या चाळीस दाढ्या चिकटवलेल्या. अंग करडं, दाढी करडी. तो शेजारी उभा होता आणि हसत होता. म्हणाला, "सरप्राइज." मी म्हणाले, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "अगं, ऐक तरी." मी ऐकलं नाही. ज्याला मी काय करते हेच कळलं नाही, त्याच्याशी पुढं काय बोलायचं, असं मी म्हणाले. अजून बरंच म्हणाले. तो किल्ली टेबलावर ठेवून गेला आणि त्यानं क्लब सोडला. पुण्याचे सामने राहिले. क्लबातून बातमी रहिमतपूरपर्यंत गेली आणि लोकांना वाटलं जातीवरून फिसकटलं. आम्ही दोघांनीही तसंच वाटू दिलं. दाढीवरून फिसकटलं हे सांगणं जास्त अवघड होतं.

याला साडेसहा वर्षं झाली. त्यानं लग्न केलेलं नाही असं मयूरी सांगते. मी विचारलेलं नाही.

तेव्हा, अवधूत टिकेकर याला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळणार नाही.

कलम ५. दोन साक्षीदार लागतात. वकील म्हणाले, ज्याला कागदात काही मिळतं त्याची सही घेऊ नका, उद्या कुणी शंका काढतं. मी ओळखीच्या सगळ्यांची यादी केली. आईला मिळतं, दादाला मिळतं, मयूरीला मिळतं. काही न मिळणारे दोनच निघाले, नानासोकाका आणि अवधूत. काकांना फोन केला. अवधूतला मेसेज केला: "रविवारी अकराला ये. मृत्युपत्रावर साक्षीदाराची सही हवी आहे. तुला त्यात काही नाही." उत्तर आलं, "बरं."

इथपर्यंत शनिवारी लिहिलं. पुढचं रविवारी दुपारी लिहिते आहे. वरचं काही खोडलेलं नाही. जे जसं झालं तसं राहू दे.

कलम ६. हे कलम नाही, घडलेली हकिकत आहे, पण नंबर दिल्याशिवाय वकिलांना चालत नाही.

नानासोकाका दहालाच आले, पिशवीत शेंगा घेऊन. मी कागद वाचून दाखवत नाही म्हणाले, फक्त सही करायची.

"म्हंजी ह्यात मला कायच न्हाई व्हय?"

"न्हाई. म्हणून तर तुमाला बोलवलंय."

"बरं हाय की. तुज्या बापाचा सख्खा भाव, आन् मी नुसता अंगठ्याचा धनी."

"आवं काका, अंगठा नको, सही करा."

अवधूत अकराला आला. केस पुढून कमी झालेत. चष्मा नवीन आहे. माझ्या डोक्याकडं एकदा बघितलं, जिथं काही दिसत नाही. पाणी घेतलं. काकांनी टेबलावरचा डबा उघडला. भंगारात घालायला खाली न्यावा म्हणून मी तो कपाटावरून काढून ठेवला होता.

"ह्ये कोन गं? सगळं एकाच रंगाचं?"

"राहिलेत ते रंगवायचे."

काकांनी एक उचलला, चिमटीत धरून डोळ्यापाशी नेला. "ह्यो बग, आपला हरिबाच. रागावल्यावर तुजा बाप आस्साच बगायचा." आणि दाढीवरून अंगठा फिरवला. टक् असा आवाज झाला.

"आगाय्या! दाढी निघाली की हातात! लय नाजूक काम बाबा तुमचं. फेविक्विक हाय का घरात?"

मी दोन्ही हात पुढं केले. काकांनी एका तळव्यावर बुटका ठेवला, दुसऱ्यावर दाढी. मी फेकणारच होते. मग बघितलं.

छाती निळी होती.

भिंगाखाली घेतली. निळा कोट, हळदीचा पट्टा, तांब्याची तीन बटणं. रंग जाड लागला होता. मधलं बटण थोडं ओघळलं होतं. माझ्या हातचं नव्हतं. दाढीच्या कडेपर्यंत रंग होता आणि तिथं थांबला होता. जेवढं दाढीनं झाकतं, बरोबर तेवढंच रंगवलेलं. बाहेरचं सगळं करडं.

मला आधी कामाचंच सुचलं. दाढी इतकी सहज का निघाली? रंगावर चिकटवलं की जोड कच्चा राहतो. प्लास्टिक प्लास्टिकला धरतं, रंगाला धरत नाही.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"तू गावाला होतीस तेव्हा," अवधूत म्हणाला. "रोज दुकान बंद करून. अकरा दिवस."

"सगळे?"

"चाळीस."

"आणि बाहेरचं?"

"बाहेरचं तू करणार होतीस. तो भाग तुला आवडतो. आतलं करताना तू कुरकुरायचीस, मान दुखते म्हणून. म्हटलं तेवढं उरकावं."

"सांगितलं का नाहीस?"

"ऐक तरी, म्हटलं होतं."

"एकदाच म्हटलंस."

"शिवांजली, दोनदा म्हणायला तू जागा ठेवलीस का?" तो चष्मा पुसायला लागला. "मला वाटलं, आज ना उद्या तू एखादा तोडून बघशील. कंपनीत तोडूनच बघता ना तुम्ही? मग वर्ष गेलं. मग वाटलं, बघितलं असेल आणि रंग पसंत पडला नसेल. तसा जाडच लागलाय."

"जाड लागलाय," मी म्हणाले.

काका दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांच्या तोंडात शेंग होती.

"म्हंजी गड्या, सा वरसं तुमी ह्या दाढीपायी बोलत न्हवता? आन् आमी तिकडं भावकीत येगळंच बोलत बसलुतू."

त्यांनी शेंग चावली.

आमच्या कंपनीत चाळीसचा लॉट आला की आठ नग काढून तपासायचे असतात. एकही न तपासता लॉट रिजेक्ट करणाऱ्याला मेमो मिळतो. मी स्वतः दोघांना असे मेमो दिले आहेत.

कलम ७. मी चाळीसचा लॉट एकही नग न तपासता रिजेक्ट केला. दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात. ही नोंद माझी मी करते आहे. अवधूतला त्या दिवशी जे जे बोलले ते मागं घेते. नेमकं काय बोलले ते त्याला पाठ असेल, इथं लिहायची गरज नाही.

कलम ८. कलम ४ मधली भंगाराची सूचना आणि "काहीही मिळणार नाही" हे वाक्य, दोन्ही रद्द. ते चाळीस बुटके अवधूत विष्णुपंत टिकेकर याला द्यावेत, डब्यासकट. झाकणावरचा लाल ठिपका काढलेला नाही, तो रंग निघत नाही. त्याच्या शेजारी आत्ता हिरवा दिला आहे.

अटी: बाहेरचा भाग माझ्याच रंगांत करावा. मयूरीकडून बाटल्या मागून घ्याव्यात. रंगात पाणी जास्त घालावं आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. घाई करू नये. डोळे शेवटी.

आणखी एक. नियमानं मला अजून सात फोडून बघायला हवेत. अवधूत म्हणाला, "बघ की, फेविक्विक आहे." मी बघितले नाहीत. एका नगावर लॉट पास केला. कंपनीत हे चालत नाही. त्या एकोणचाळीसांच्या दाढ्या कुणीही, मीसुद्धा, काढून बघू नयेत. जोड कच्चे आहेत, उचलताना पायाला धरावं.

फुटलेला एक आहे, त्याची दाढी परत चिकटवलेली नाही. तो तसाच मिरजेला माझ्या पिशवीत येणार आहे. परत आला तर बघू. नाही आला तर हॉस्पिटलच्या सामानातून मागून घ्यावा आणि चाळीस पूर्ण करावेत.

कलम ९. हाताबद्दल. वकिलांनी हे लिहू नका म्हणून सांगितलं आहे.

मी राहिले आणि हात गेला, तर कलम ८ त्याच दिवसापासून लागू समजावं. अवधूतनं रविवारी यायचं आणि माझ्यासमोर बसून रंगवायचं. मी बोलेन. बोलणं कमी होईल असं आश्वासन देत नाही.

मी राहिले आणि हातही राहिला, तर वीस त्याचे, वीस माझे. तो "बरं" म्हणाला. हे तोंडी आहे, काकांच्या समोर झालं आहे. त्यावर काका म्हणाले, "मग घरच्यांना कवा सांगनार?" याला उत्तर अजून ठरलेलं नाही. हा विषय काकांनी पुढच्या गणपतीला काढायला हरकत नाही.

कलम १०. साक्षीदार. सही करायला अवधूतनं पेनचं टोपण काढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, "थांब. तुला आता सही करता येणार नाही."

"का?"

"तुला मिळतंय."

त्यानं टोपण लावलं. खाली जाऊन तळमजल्यावरच्या गोदावरीकाकूंना तोच घेऊन आला. काकू गुडघे धरत वर आल्या आणि म्हणाल्या, "कशावर सही करतेय मी? भाडेकरार आहे का?" त्यांना सांगितलं. त्यांनी बुटक्याकडं बघितलं, अवधूतकडं बघितलं आणि दाराशी परत जाऊन चप्पल काढून आल्या. मग सही केली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर उजव्या हातानं सही केली.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: शिवांजली हरिबा जगदाळे

साक्षीदार:

१. नानासो बाळकू जगदाळे, रहिमतपूर (सही)

२. अवधूत विष्णुपंत टिकेकर, सांगली (हे नाव काल लिहिलं होतं. आज खोडलं.)

२. गोदावरी शंकर कुलकर्णी, विश्रामबाग, सांगली (सही)

खाडाखोड एक. मान्य.
शि. ह. जगदाळे